गिरणीचे पीठ आणि मशीनमधला ब्रेड

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. यजमानांना मधुमेह असल्यामुळे बेकरीतला मैद्याचा ब्रेड बंद करून घरीच गव्हाचा ब्रेड करावा, या विचाराने दिवाळीत ब्रेड मशीन घेतले. सोबतच्या पुस्तिकेतील साध्या ब्रेडची कृती मी जशीच्या तशी पाळते. म्हणजे तीन कप पीठ, एक कप पाणी, दीड चमचा यीस्ट, शिवाय मीठ, साखर आणि तेल. बदल एवढाच, की पुस्तिकेतल्या पिठाऐवजी गिरणीतून दळून आणलेले लोकवन गव्हाचे पीठ घालते. मळताना गोळा चिकट वाटला तर वरून मूठभर पीठ टाकते. एकदोनदा रात्री टायमर लावूनही पाहिले. ब्रेड चार बोटांच्या वर येत नाही, माथा खडबडीत आणि भेगाळलेला असतो, आतून तो घट्ट असतो आणि तळाशी ओलसर लागतो. यीस्टचा डबा दिवाळीतच उघडला असून तो गॅसजवळच्या मांडणीवर असतो. शेजारच्या ताई म्हणतात, इनो घालून पाहा. मशीन सदोष असेल का? आणि खपली गव्हाचा ब्रेड केला तर तो हलका होईल का?

उत्तर : आपण ब्रेडचे वर्णन इतके नेमके केले आहे, की बरेचसे निदान त्यातच झाले आहे. मशीन सदोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. माथा खडबडीत राहणे आणि त्याला भेगा पडणे ही कोरड्या कणकेची खूण आहे. पाणी पुरेसे असते तेव्हा मळून झालेला गोळा स्वतःच्या वजनाने थोडा पसरतो, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि भाजल्यावर माथ्याला घुमट येतो. यीस्ट जास्त झाले किंवा पाणी फार झाले, तर ब्रेड आधी वर येतो आणि नंतर माथा मध्ये खचतो. आपला ब्रेड खचत नाही, तो मुळात वर येतच नाही. त्यामुळे चौकशी पीठ, पाणी आणि यीस्ट यांची करायची, आणि तीही याच क्रमाने.

त्याआधी मशीनबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे यंत्र घड्याळावर चालते, कणकेकडे पाहून नव्हे. बेकरीतला कारागीर गोळा दुप्पट झाला की नाही हे पाहतो, झाला नसेल तर आणखी अर्धा तास थांबतो, आणि मगच भट्टीत घालतो. मशीन ठरलेली मिनिटे मळते, ठरलेली मिनिटे थांबते आणि वेळ झाली की भाजायला लागते. तेव्हा कणीक फुगलेली असो वा नसो. पुस्तिकेतील वेळा ज्या पिठासाठी आणि ज्या तापमानासाठी बसवलेल्या असतात, ते पीठ आणि ते तापमान आपल्या स्वयंपाकघरात नाही. कृती तंतोतंत पाळूनही पदार्थ बिघडतो, तो त्यामुळे.

आता पीठ. परदेशी पुस्तिकांत ज्याला ब्रेडचे पीठ म्हणतात ते कठीण गव्हाचे, कोंडा पूर्ण काढलेले आणि १२ ते १३ टक्के प्रथिने असलेले पांढरे पीठ असते. त्या प्रथिनांपासून पाण्याच्या आणि मळण्याच्या साहाय्याने ग्लुटेनचे ताणले जाणारे पापुद्रे तयार होतात, यीस्टने सोडलेला वायू त्या पापुद्र्यांत अडकतो आणि ब्रेडला जाळी पडते. आपल्या गिरणीच्या पिठातही प्रथिने पुष्कळ असतात, पण त्यांतला काही भाग कोंडा आणि अंकुर यांच्यातला असतो आणि त्यापासून ग्लुटेन बनत नाही. शिवाय कोंड्याचे बारीक धारदार कण हे पापुद्रे जागोजागी कापतात. वायू तयार होतो, पण तो धरून ठेवणारी पिशवीच फाटकी असते.

दुसरा फरक दळण्याच्या पद्धतीत आहे. दगडाच्या पात्यांमध्ये गहू दाबून आणि घासून दळला जातो, त्यामुळे पीठ तापते आणि पिष्टाचे कण मोठ्या प्रमाणावर फुटतात. असे फुटलेले कण पाणी अधिक शोषतात. पोळी मऊ राहते आणि तव्यावर टम्म फुगते त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे, म्हणून गिरणीवाल्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र ब्रेडसाठी त्याचा अर्थ असा होतो, की मैद्याला पुरेल तेवढे पाणी या पिठाला कधीच पुरत नाही. गिरणीतून आणलेले पीठ ताजे आणि गरम असताना मशीनमध्ये घालू नये. ते पसरून पूर्ण निववावे. आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ पात्यांत उरलेली असते, ती पहिल्या ओंजळभर पिठात उतरते. तेवढी ओंजळ पोळ्यांच्या डब्यात टाकावी आणि ब्रेडसाठी मागचे पीठ घ्यावे.

गव्हाच्या जातीबद्दल आपण निर्धास्त राहावे, कारण लोकवन ब्रेडला चालतो. गुजरातेतील सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेले लोक-१ हे वाण आपल्या बाजारात लोकवन म्हणून विकले जाते आणि ते सरबती प्रकारातले आहे. आपल्याच जिल्ह्यात निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांपैकी त्र्यंबक आणि तपोवन हे याच सरबती प्रकारातले, तर गोदावरी हे बन्सी प्रकारातले. बन्सी गहू रव्याला आणि शेवयांना उत्तम, पण त्याचे ग्लुटेन ताठर असते, ते ताणले जाण्याऐवजी तुटते; त्यामुळे ब्रेडसाठी तो टाळावा. दुकानदार अनेकदा निव्वळ दाण्याची चमक आणि आकार दाखवून गहू विकतो, तेव्हा घरीच एक परीक्षा करता येते. ५० ग्रॅम पीठ घट्टसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावे आणि मग तो गोळा वाटीभर पाण्यात बोटांनी दाबत दाबत धुवावा. पाणी दुधाळ होत जाईल. ते बदलत राहावे. शेवटी हातात रबरी, करड्या रंगाचा छोटा गोळा उरतो, तेच ग्लुटेन. तो दोन्ही हातांनी ओढल्यावर लांबत असेल तर गहू ब्रेडयोग्य आहे. ओढताच त्याचे तुकडे पडत असतील, किंवा धुताना सगळेच वाहून जात असेल, तर तो गहू पोळीला ठेवावा. नवा गहू भरण्यापूर्वी किलोभर आणून एवढे करून पाहिले तर वर्षभराची कटकट वाचते.

केवळ गव्हाच्या पिठाचा ब्रेड हलका करण्याचे दोन उपाय मी सुचवीन आणि दोन्ही एकत्र केले तर उत्तम. पहिला उपाय कष्टाचा, पण बिनखर्चाचा आहे. पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने चाळावे, वर राहिलेला कोंडा कोमट पाण्यात, तेही कृतीतल्याच पाण्यातून घेतलेल्या, तासभर किंवा रात्रभर भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यासकट पिठात परत घालावा. भिजलेला कोंडा मऊ पडतो, पापुद्रे कमी कापतो आणि नंतर कणकेतले पाणी ओढून घेत नाही. कोंडा फेकून द्यायचा नाही, नाहीतर यजमानांसाठी हा खटाटोप करण्यात काही हशील राहणार नाही. दुसरा उपाय म्हणजे गव्हाचे सुटे ग्लुटेन. बेकरी-साहित्याच्या दुकानात ते पिवळसर पावडरीच्या रूपात मिळते. ४०० ग्रॅम पिठाला २० ते २५ ग्रॅम पुरते. जास्त घातले तर ब्रेड चिवट होतो. ते आधी कोरड्या पिठात नीट मिसळावे, कारण थेट पाण्यात पडले तर त्याच्या गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.

पाण्याबाबत मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खरी अडचण तिथे आहे. पुस्तिकेतले तीन कप म्हणजे किती पीठ, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. चमच्याने हलकेच भरलेल्या २४० मिलिलिटरच्या कपात सुमारे १२० ग्रॅम पीठ मावते. तोच कप डब्यात खुपसून, ठोकून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जाते. तीन कपांत हा फरक ९० ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ पाऊण कप पीठ जास्त. त्यावर आपण मूठभर पीठ आणखी घालता. पाणी मात्र एकच कप राहते, म्हणजे पिठाच्या सुमारे ५५ ते ६० टक्के. पोळीची कणीक साधारण याच प्रमाणात भिजते. कणीक हाताला चिकटली की वरून पीठ लावायचे, ही सवय पोळ्यांनी वर्षानुवर्षे घडवलेली आहे आणि पोळीसाठी ती अगदी योग्य आहे. ब्रेडसाठी तीच सवय आड येते.

गिरणीच्या पिठाच्या ब्रेडला पिठाच्या ७५ टक्के पाणी लागते, काही गव्हांना ८० टक्केही लागते. म्हणजे ४०० ग्रॅम पिठाला ३०० मिलिलिटर, आणि २५ ग्रॅम ग्लुटेन घातले तर ३२० मिलिलिटरच्या आसपास. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्टपणे सैल असते. पुरणपोळीसाठी आपण जी सैल, तेलाचा हात लावून मळलेली, ओढली तर लांबणारी कणीक करतो, तिच्या जवळ जाणारी. त्यामुळे पहिले काम म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा घेणे. पाणीही त्याच काट्यावर मोजावे, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम.

काट्यानेही सगळे ठरत नाही. गव्हाचा ओलावा ऋतूनुसार बदलतो. म्हणून मळणे सुरू झाल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे झाकण उघडून पाहावे. पाचव्या मिनिटाला कणीक ओबडधोबड आणि भांड्याला चिकटलेली दिसेल. इथे हात आवरावा, पीठ घालू नये. भांड्याच्या कोपऱ्यांत कोरडे पीठ अडकले असेल तर रबरी उलथन्याने ते खाली ढकलावे, धातूचा चमचा वापरू नये, कारण त्याने भांड्याचा लेप खरवडतो. दहाव्या मिनिटाला कोंड्याने पाणी शोषलेले असते आणि पात्याभोवती गोळा जमतो. तो गोळा भांड्याच्या भिंतीला लागून सुटत, तळाशी किंचित चिकटत फिरला पाहिजे. बोट लावले तर बोटाला थोडा चिकटावा, पण उचलताना कणीक मागे सुटावी. गोळा ठकठक आपटत असेल, त्याच्यावर सुरकुत्या दिसत असतील किंवा मोटर कण्हत असेल, तर एकेक चमचा पाणी घालून प्रत्येक वेळी मिनिटभर वाट पाहावी. पंधराव्या मिनिटालाही गोळा न जमता नुसता लगदाच फिरत असेल, तरच चमचाभर पीठ घालावे. झाकण उघडल्याने मळताना काही बिघडत नाही. शेवटच्या फुगण्याच्या वेळी आणि भाजताना मात्र ते उघडू नये.

आणखी एक सोपी युक्ती आहे. पीठ आणि पाणी एवढेच भांड्यात घालून, पाते दोनतीन मिनिटे फिरवून, मशीन बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे आणि मग मीठ, तेल, साखर आणि यीस्ट घालून प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करावा. या अर्ध्या तासात कोंडा भिजतो आणि ग्लुटेन न मळताही बांधले जाऊ लागते. पोळीची कणीक भिजवून झाकून ठेवण्यामागे जे कारण आहे, तेच इथेही आहे.

यीस्टचा डबा गॅसजवळच्या मांडणीवर, हे वाचून मला काळजी वाटली. कोरडे यीस्ट जिवंत असते, आणि उष्णता, ओल व हवा या तिन्हींनी ते हळूहळू मरते. डबा उघडल्यावर तो हवाबंद करून फ्रिजमध्ये, शक्य असल्यास फ्रीझरमध्ये ठेवावा. आताच्या डब्याची परीक्षा घ्यावी : अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून दहा मिनिटे थांबावे. वर दाट फेसाचा थर आला तर यीस्ट ठीक आहे. तुरळक बुडबुडे आले किंवा पाणी नुसतेच गढूळ राहिले, तर तो डबा टाकून द्यावा, त्याचे प्रमाण वाढवून काम भागवण्याच्या फंदात पडू नये. पाणी कोमट म्हणजे मनगटावर ओतले तर जेमतेम ऊब जाणवावी असे. ६० अंशांच्या पाण्यात यीस्ट मरते. डब्यावर इन्स्टंट लिहिले असेल तर ते थेट पिठात घालता येते, ॲक्टिव्ह ड्राय लिहिले असेल तर आधी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावे लागते. ४०० ग्रॅम पिठाला ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ७ ग्रॅम मीठ पुरे. मीठ कमी करण्याचा मोह होतो, पण मीठ ग्लुटेनला घट्ट करते आणि यीस्टचा वेग ताब्यात ठेवते. ते भांड्यात यीस्टपासून दूरच्या कोपऱ्यात टाकावे. दूध वापरणार असाल तर ते उकळून थंड केलेले असावे, कारण न तापवलेल्या दुधातील काही प्रथिनांनी ब्रेड कमी फुगतो. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय वापरत नाहीत, म्हणून ही काळजी आपोआपच घेतली जाते.

ऋतूचा हिशेब नाशिककरांना इतर अनेक शहरांपेक्षा जास्त ठेवावा लागतो. थंडीत इथला पारा दहा अंशांच्या खाली जातो, निफाडचा त्याहूनही खाली उतरतो, आणि गच्चीवरच्या टाकीतून सकाळी येणारे पाणी हाताला झोंबते. कणकेचे तापमान मळून झाल्यावर २५ ते २७ अंश असावे. ती दहा अंशांनी थंड राहिली तर फुगायला जवळजवळ दुप्पट वेळ घेते, आणि मशीन तेवढा वेळ देत नाही. आपण दिवाळीनंतर सुरुवात केल्यामुळे आतापर्यंतचे सगळे ब्रेड थंडीतच झाले आहेत, हेही त्यांच्या घट्टपणाचे एक कारण असणार. सध्या पाणी कोमट करून घ्यावे आणि पीठ आदल्या रात्री स्टीलच्या कोठीतून काढून आत ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत याच्या अगदी उलट करावे, म्हणजे पाणी माठातले किंवा फ्रिजमधले घ्यावे, नाहीतर कणीक वेळेआधीच फुगून बसते. नाशिकची समुद्रसपाटीपासूनची ६०० मीटरच्या आतबाहेरची उंची मात्र या प्रकरणात निर्दोष आहे; उंचीमुळे कृती बदलावी लागते ती साधारण ९०० मीटरच्या पुढे.

प्रोग्रॅम साधा लावू नये, अख्ख्या गव्हाचा म्हणजे होल व्हीटचा लावावा. साधा प्रोग्रॅम बहुतेक मशीनमध्ये तीन तासांच्या आसपास संपतो, होल व्हीटचा साडेतीन ते चार तास चालतो. त्यात सुरुवातीची वीसतीस मिनिटे मशीन काहीच करत नाही, नुसते साहित्य कोमट करत बसते. ते बिघडले आहे असे समजून बटणे दाबू नयेत. झटपट ब्रेडचा प्रोग्रॅम या पिठाला अजिबात लावू नये. मशीनवर ५०० किंवा ७५० ग्रॅम असे जे आकडे असतात, ते बहुधा तयार ब्रेडचे वजन असते, पिठाचे नव्हे. ४०० ग्रॅम पिठाचा ब्रेड ६५० ग्रॅमच्या वर जातो. मोठ्या भांड्यात कमी पीठ घातले तर चांगला फुगलेला ब्रेडही बुटका दिसतो, हे उंची मोजताना ध्यानात असू द्यावे.

टायमरचा वापर निदान पहिले काही ब्रेड चांगले होईपर्यंत बंद ठेवावा, कारण कणकेकडे पाहणे हाच जिथे उपाय आहे तिथे झोपून कसे चालेल? पुढे लावायचाच झाला तर आधी पाणी, त्यावर पीठ आणि पिठाच्या मधोमध केलेल्या खळग्यात यीस्ट, अशी मांडणी करावी, म्हणजे यीस्टला मळण्याआधी पाणी लागणार नाही. आणि त्या दिवशी दूध घालू नये. रात्रीतून वीज गेली तर काही मशीन थोड्या मिनिटांपर्यंत आपले काम लक्षात ठेवतात, त्यापुढे प्रोग्रॅम पुसला जातो. आपल्या मशीनची मुदत पुस्तिकेत पाहावी.

तळाशी ओलसर लागण्याचे कारण वेगळे आहे. भाजून झाल्यावर ब्रेड मशीनमध्येच राहिला तर वाफ भांड्यात कोंडते आणि तळ भिजतो. रात्रीच्या टायमरने तर तो तासन्‌तास तसाच बसतो. शिट्टी होताच भांडे बाहेर काढावे, दहा मिनिटांनी ब्रेड काढून तारेच्या स्टँडवर ठेवावा आणि किमान तासभर कापू नये, कारण गरम ब्रेड सुरीखाली दबतो आणि शिजलेला असूनही कच्चा वाटतो. तरीही तळ ओलसर राहिला, तर स्वयंपाकघराच्या थर्मामीटरने आतले तापमान पाहावे. ते ९३ ते ९६ अंश असेल तर ब्रेड भाजला गेला आहे. कमी असेल तर फक्त भाजण्याचा प्रोग्रॅम आणखी दहा मिनिटे चालवावा. आपल्या भागात विजेचा दाब कमी असतो का, हेही एकदा तपासून घ्यावे. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर कॉइलची उष्णता सुमारे दोन-तृतीयांशच राहते.

इनोबद्दल शेजारच्या ताईंचा सल्ला ढोकळ्यापुरता ठीक आहे. इनोला पाणी लागताच त्याचा वायू मिनिटांत निघून जातो, आणि ब्रेड भाजायला तर दोनअडीच तासांनी सुरुवात होते. तोपर्यंत त्याची फक्त खारट-सोड्याची चव उरते. खाण्याचा सोडाही याच कारणाने नको.

आता मशीनचा निकाल लावण्यासाठी एक ब्रेड मुद्दाम मैद्याचा करावा, मग तो घरी कोणी खावो अथवा रविवारच्या मिसळीबरोबर पाहुण्यांना द्यावा. ४०० ग्रॅम मैदा, २६० मिलिलिटर कोमट पाणी, ७ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर, १५ ग्रॅम तेल आणि नव्या पाकिटातले ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घेऊन साधा प्रोग्रॅम लावावा. हा ब्रेड भांड्याच्या काठापर्यंत किंवा त्याच्या जवळपास आला तर मशीन निर्दोष आहे. मग पुढच्या प्रत्येक वेळी १०० ग्रॅम मैदा कमी करून तेवढे गव्हाचे पीठ घालावे, प्रत्येक १०० ग्रॅममागे १० ते १५ मिलिलिटर पाणी वाढवावे, निम्म्याहून अधिक गहू झाला की प्रोग्रॅमही बदलावा, आणि आपल्या घरी कोणते प्रमाण आवडते ते ठरवावे. एका वेळी एवढाच बदल करावा. त्याच दिवशी यीस्टही वाढवले आणि दूधही घातले, तर कशाने काय झाले ते कळत नाही. मैद्याचा ब्रेडही फुगला नाही, तर मळताना पाते गोळ्यासकट फिरते की नुसती मोटर फिरते ते पाहावे. पाते दांड्यावर नीट बसलेले नसणे किंवा आतला पट्टा सैल होणे, हे दोष मग संभवतात, आणि वॉरंटी असेपर्यंतच मशीन सर्व्हिस सेंटरला दाखवावे.

यजमानांच्या आहाराविषयी एक स्पष्टपणे सांगतो : गव्हाच्या पिठाचा ब्रेडही रक्तातील साखर वाढवतोच, आणि मैद्याच्या ब्रेडशी तुलना केली तर हा फरक लोक समजतात तेवढा मोठा नसतो. कोंड्याचा फायदा आहे, पण घरचा म्हणून दोन काप जास्त, असे होऊ देऊ नये. किती काप आणि कशाबरोबर, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. तोवर ब्रेड खातील तेवढी पोळी कमी, असा हिशेब ठेवावा. बाजारातला ब्राऊन ब्रेड घेण्याची वेळ आली तर पाकिटामागची घटकांची यादी वाचावी. ज्याचे वजन सर्वांत जास्त तो घटक तिथे पहिला छापलेला असतो, आणि तो पुष्कळदा मैदाच निघतो.

राहिला खपलीचा प्रश्न. खपलीने ब्रेड हलका होणार नाही, उलट आत्ताच्यापेक्षा घट्ट होईल, कारण तिचे ग्लुटेन कमजोर असते आणि मशीनच्या लांबलचक मळण्याने ते तुटून कणीक सैलावते. चवीसाठी घालायचीच असेल तर ४०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅमपर्यंत घालावी आणि पाणी थोडे कमी ठेवावे. आजच्या भावात निव्वळ खपलीचे पीठ मशीनमध्ये घालण्यापेक्षा तिची खीर करणे मला अधिक पटते; तीही अर्थात यजमानांना वाटीभरापेक्षा जास्त नको.